वर्डनेट: ‘ब्रेक’ या एका शब्दावर घासून पाहिलेला फुकटचा इंग्रजी कोश

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारे, सबटायटल लिहिणारे आणि शब्दकोशाच्या कामात असलेले यांच्यासाठी हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगतो. एखाद्या इंग्रजी शब्दाचे अर्थ सुटे करून बघायचे असतील, तर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वर्डनेटइतकं कामाचं साधन फुकटात मिळणं कठीण. पण त्यातून आयते समानार्थी शब्द उचलायला जाल तर फसाल.

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1985 मध्ये या कोशाचं काम सुरू केलं. 3.0 या आवृत्तीत 1,55,287 शब्द आणि 1,17,659 ‘सिनसेट’ आहेत. सिनसेट म्हणजे एकाच अर्थाच्या शब्दांचा गठ्ठा. नेहमीच्या कोशात शब्द पुढे असतो आणि त्याखाली अर्थ येतात, इथे अर्थ पुढे असतो आणि त्याला शब्द जोडलेले असतात. म्हणून एकच शब्द अनेक गठ्ठ्यांत सापडतो. प्रत्येक गठ्ठ्याला छोटी व्याख्या असते आणि अनेक ठिकाणी एखादं उदाहरणवाक्यही.

कोश कसा आहे हे कळायला अवघड शब्द शोधण्यात अर्थ नाही, कारण त्यांना एक-दोनच अर्थ असतात. रोजच्या वापरातला, झिजून गुळगुळीत झालेला शब्द घ्यावा. ‘ब्रेक’ हा त्यासाठी उत्तम. वर्डनेट 3.0 मध्ये त्याचे नाम म्हणून 16 आणि क्रियापद म्हणून 59, असे 75 अर्थ आहेत. ‘रन’चे 57 आणि ‘सेट’चे 45 भरतात, म्हणजे ‘ब्रेक’ त्यांच्याही पुढे आहे.

नामांचा भाग सरळ आहे. कामात आलेला व्यत्यय, विश्रांतीची मधली सुट्टी, नशिबाने मिळालेली संधी, दोन माणसांत पडलेली फूट, भूगर्भातला प्रस्तरभंग, अस्थिभंग, तुरुंगातून पलायन, टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस भेदणं, बिलियर्ड्सचा पहिला फटका. प्रत्येकाला मराठीत आपापला शब्द आहे आणि गोंधळ फारसा होत नाही. जपायचं ते लिपीला. देवनागरीत ‘ब्रेक’ लिहिलं की गाडीचा ब्रेक आणि जेवणाचा ब्रेक एकसारखेच दिसतात. इंग्रजीत ते दोन वेगळ्या स्पेलिंगचे वेगळे शब्द आहेत. ऐकून टाइप करणाऱ्याने आधी स्पेलिंग तपासावं, नाहीतर भलत्याच नोंदीवर जाऊन पोहोचतो.

खरी कसोटी क्रियापदाची. पहिलाच अर्थ पाहून नवखा माणूस चक्रावतो, कारण तिथे काच फुटत नाही की काठी मोडत नाही. पहिला अर्थ आहे ‘एखादी गोष्ट थांबवणे, संपवणे’, आणि उदाहरण आहे गरिबीचं चक्र तोडण्याचं. तुकडे होणं दुसऱ्या क्रमांकावर येतं. या क्रमाचं कारण कळलं तर पुढचं सगळं नीट लागतं. हे क्रम ‘सेमकॉर’ या मजकूरसंग्रहात कोणता अर्थ किती वेळा आला त्यावरून लावलेले आहेत, आणि सेमकॉरचा बराचसा मजकूर 1961 साली छापलेल्या अमेरिकी लिखाणातून घेतलेला आहे. त्यामुळे क्रमांक एकचा अर्थ हा आजच्या वाक्यातला सर्वांत शक्य अर्थ असेलच, असं धरू नये. ज्या अर्थांची त्या संग्रहात एकही नोंद नाही, त्यांचा आपसातला क्रम तर निव्वळ मांडणीचा आहे. 59 अर्थ वाचताना वरचे पाच बघून थांबणं ही सर्रास होणारी चूक आहे. ताप उतरणं, लाट फुटणं, नोट सुटी करणं, मुलाचा आवाज फुटणं हे सगळं खाली आहे.

आता दुसऱ्या अर्थाजवळ थोडं थांबू, कारण या कोशाची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथे दिसतात. व्याख्या आहे ‘तुकड्यांत वेगळं होणे’ आणि उदाहरणात एक शोभेची मूर्ती फुटते. इंग्रजीला इथे एक अर्थ पुरतो. मराठीला पुरत नाही. ताणलेली किंवा जोडलेली वस्तू तुटते: दोरी, तार, साखळी, बटण. ताठ वस्तू वाकून दुभंगली की मोडते: काठी, खुर्चीचा पाय, पेन्सिलचं टोक, हाड. ठिसूळ किंवा आत पोकळी असलेली वस्तू फुटते: काच, मडकं, नारळ, फुगा. वर्डनेटच्या एका गठ्ठ्यात ही तिन्ही क्रियापदं जातात आणि त्यातलं कोणतं निवडायचं हे कोश सांगत नाही. ते कर्ता किंवा कर्म बघूनच ठरतं. भाषांतराची यंत्रं ‘काठी तुटली’ आणि ‘दोरी मोडली’ अशी वाक्यं देतात ती इथेच अडखळून.

याच्या उलटही घडतं. कायदा किंवा नियम धुडकावणं हा एक अर्थ, आणि ठरलेल्या पद्धतीशी किंवा नियमाशी विसंगत असणं हा दुसरा, असे दोन वेगळे गठ्ठे आहेत. विक्रम मागे टाकण्याचा आणखी वेगळा. मराठीत कायदा मोडतो, शिरस्ता मोडतो, विक्रम मोडतो, शब्द मोडतो, ठरलेलं लग्नही मोडतं. नोटसुद्धा ‘मोडून’ घेतात. मराठी एका क्रियापदात भागवते तिथे वर्डनेट पाच खणांत वाटतो आणि मराठी तीन शब्द वापरते तिथे तो एकाच खणात कोंबतो. म्हणून 75 हा आकडा बघून दडपून जाऊ नये. भाषांतरासाठी हे अर्थ मराठी क्रियापदांनुसार पुन्हा लावून घेतले, तर बरेचसे गठ्ठे एकमेकांत मिसळतात आणि उरलेले पटकन लक्षात राहतात.

अर्थ इतके बारीक कापले आहेत की जाणकारांचंही एकमत होत नाही, ही वर्डनेटवरची जुनी टीका आहे आणि ती रास्त आहे. ‘निकामी करणे’ आणि ‘पूर्ण नासवणे’ हे दोन अर्थ वेगळे दाखवले आहेत. पहिल्याच्या उदाहरणात गजराचं घड्याळ बिघडवलं आहे, दुसऱ्याच्या उदाहरणात रेडिओ. एखादं वाक्य यातल्या कुठल्या खणात टाकायचं यावर वेळ घालवू नये. दोन्हीकडे मराठीत ‘मोडणे’ किंवा ‘बिघडवणे’च येणार.

बारीक कापण्याचा फायदा होतो तो बातमीच्या बाबतीत. गुपित उघड करण्याचा एक अर्थ आहे आणि बातमी बाहेर येऊन लोकांना कळण्याचा दुसरा. दुसऱ्याच्या उदाहरणात कुणाच्या तरी मृत्यूची बातमी सकाळी येते. इथे ‘बातमी फुटली’ लिहिलं की अर्थाचा अनर्थ होतो, कारण मराठीत बातमी फुटणं, पेपर फुटणं म्हणजे बाहेर पडायला नको ती गोष्ट बाहेर पडणं. निधनाची बातमी येते, पसरते, कळते, थडकते. आणि कुणी कुणाला वाईट बातमी ‘ब्रेक’ करतो, तेव्हा तो ती सांगतो किंवा बेताने कानावर घालतो. या जागा वेगळ्या आहेत हे वर्डनेट बघितल्यावर लक्षात येतं. नुसता ‘तोडणे, मोडणे, फोडणे’ असा स्वल्पविरामांनी जोडलेला द्विभाषिक कोश उघडला तर येत नाही.

तसंच पडण्याचं. कुणी गच्चीवरून पडलं आणि खालच्या छपराने ते पडणं ‘ब्रेक’ केलं, असं वाक्य सबटायटलमध्ये आलं की ‘छपराने त्याला तोडलं’पासून ‘त्याचं पडणं थांबलं’पर्यंत काहीही वाचायला मिळतं. वर्डनेटमध्ये याची स्वतंत्र नोंद आहे: जोर किंवा परिणाम कमी करणे. ‘छपरामुळे मार कमी लागला’ एवढं लिहिलं की झालं.

आता वापरण्याची रीत. आधी वाक्यात शब्द नाम आहे की क्रियापद ते ठरवा. मग फक्त व्याख्या आणि उदाहरण वाचा, शेजारचे समानार्थी शब्द डोळ्यांआड ठेवा. तिसरी पायरी सहसा कुणी वापरत नाही आणि तीच सर्वांत उपयोगी आहे: क्रियापदाचे वाक्यसाचे उघडा. वर्डनेटमध्ये असे 35 ठरावीक साचे आहेत, ‘कुणीतरी काहीतरी करतं’, ‘काहीतरी होतं’ अशा धर्तीचे. त्यावरून अर्थ सकर्मक आहे की अकर्मक हे लगेच कळतं. मूर्ती फुटली आणि त्याने काचेची ताटली फोडली, हे दोन अर्थ कोशात वेगळे आहेत. मराठीत त्यासाठी फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या तयार आहेत. ‘मोडणे’ मात्र दोन्हीकडे तसाच राहतो: काठी मोडली, त्याने काठी मोडली. त्यानंतर त्या अर्थाच्या वरचा व्यापक शब्द पाहा. नोटेच्या अर्थाच्या वर ‘बदलून घेणे’ दिसलं की शंका उरत नाही.

समानार्थी शब्दांकडे वळायचं ते सगळ्यात शेवटी. कायदा मोडण्याच्या गठ्ठ्यात ‘ब्रेक’सोबत व्हायलेट, ब्रीच, ट्रान्सग्रेस, इन्फ्रॅक्ट, ऑफेंड, गो अगेन्स्ट हे शब्द आहेत. करारनाम्यात ब्रीच चालतो, धर्माच्या किंवा नीतीच्या संदर्भात ट्रान्सग्रेस शोभतो, इन्फ्रॅक्ट क्वचितच दिसतो. यातलं काहीही तिथे लिहिलेलं नसतं. यंत्र बंद पडण्याच्या गठ्ठ्यात फेल, डाय, गो यांच्या मांडीला मांडी लावून ‘कॉन्क आउट’ बसला आहे, जो बोलीतला शब्द आहे. हा बोलीचा, हा औपचारिक, असे शेरे वर्डनेटमध्ये तुरळकच आहेत. इंग्रजी निबंध लिहिणारी मुलं या यादीतून उचललेला शब्द सरळ वाक्यात बसवतात आणि वाक्य बिघडतं. इंग्रजीत लिहायचं असेल तर शैलीचे शेरे आणि भरपूर उदाहरणं देणारा, शिकणाऱ्यांसाठीचा एखादा कोश जोडीला हवाच. पीटर रोजे यांचा 1852 सालचा प्रसिद्ध पर्यायकोशही इथे कामाला येत नाही. त्याची मांडणी विषयवार आहे आणि व्याख्या नाहीत, त्यामुळे ज्याला अर्थ आधीच माहीत आहे त्यालाच तो उपयोगी.

शोधताना अडतं ते बहुधा जोडक्रियापदांपाशी. ब्रेक डाउन, ब्रेक अप, ब्रेक ऑफ, ब्रेक इन, ब्रेक ईव्हन यांना स्वतंत्र नोंदी आहेत. नुसतं ‘ब्रेक’ शोधून त्यांचे सगळे अर्थ मिळत नाहीत. संगणकीय प्रोग्राममधून शोधताना दोन शब्दांच्या मध्ये अधोरेघ द्यावी लागते, नाहीतर निकाल रिकामा येतो. ‘ब्रोक’ असं भूतकाळी रूप दिलं तर मूळ क्रियापद आपोआप सापडतं, शिवाय ‘कफल्लक’ या अर्थाचं विशेषणही समोर येतं. शब्दयोगी अव्ययं, सर्वनामं, उभयान्वयी अव्ययं या कोशात नाहीतच. उच्चार आणि व्युत्पत्तीही नाही.

किंमत शून्य. परवान्याची सूचना सोबत ठेवली की व्यावसायिक कामालाही वापरता येतो. विंडोजवरचा तयार प्रोग्राम 2.1 या जुन्या आवृत्तीवर थांबला आहे आणि 3.1 नुसत्या डेटाच्या रूपात मिळते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिच्या एनएलटीके या भाषाविषयक साधनसंचातून 3.0 उतरवून घेणं सर्वांत सोपं, आणि मग इंटरनेट नसलं तरी अडत नाही. नवे शब्द आणि दुरुस्त्या हव्या असतील तर ‘ओपन इंग्लिश वर्डनेट’ घ्यावा. तो प्रिन्स्टनच्याच डेटावरून पुढे नेलेला, स्वयंसेवकांनी चालवलेला आणि मुक्त परवान्याचा आहे.

मराठी वर्डनेटही आहे, आयआयटी मुंबईत तयार झालेला. तो हिंदी वर्डनेटच्या अर्थांना मराठी शब्द जोडत वाढवला आहे. प्रमाण मराठीतले पर्याय शोधायला तो चांगला आहे. पण इंग्रजी अर्थ, त्याला जोडलेला हिंदी अर्थ आणि मग मराठी शब्द असा दोन टप्प्यांचा प्रवास केला, तर हिंदीत ‘टूटना’ हे एकच क्रियापद जिथे काच, हड्डी आणि रस्सी तिघांना चालतं, तिथे मराठी निवड पुन्हा आपल्यालाच करावी लागते. उपासाचंही तसंच. इंग्रजीत तो दोन्ही वेळा ‘ब्रेक’च होतो. मराठीत वेळ झाल्यावर जेवलो तर उपास सोडला आणि चुकून मध्येच काही खाल्लं तर मोडला. अशा जागांची स्वतःची यादी वर्डनेटच्या अर्थक्रमांकांसह एका तक्त्यात ठेवावी. एका रकान्यात अर्थाचा क्रमांक, दुसऱ्यात मराठी क्रियापद, तिसऱ्यात ते कोणत्या कर्त्या-कर्माबरोबर चालतं ते. क्रमांकापुढे आवृत्तीही लिहावी, कारण आवृत्ती बदलली की हे क्रमांक सरकू शकतात.