कट्ठीवाड्याहून आणलेली चार 'कलमं'

मागच्या जूनमध्ये आईबाबांना घेऊन इंदूरहून कट्ठीवाड्याला गेलो होतो. आलीराजपूर जिल्ह्यातलं लहानसं गाव, इथून साधारण २५० किलोमीटर, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं. आईला नूरजहाँ आंबा एकदा डोळ्यांनी बघायचा होता. दोन-दोन किलोंचं एकेक फळ, विकतात नगावर, तेही झाडावर असतानाच ठरून जातं.

बागेत अर्थातच काही मिळालं नाही. परतताना एका चौफुलीवर एक जण रोपं मांडून बसला होता. समोर काटा, काट्यावर भला मोठा आंबा. तोलून दाखवला, दोन किलोंच्या वरच. "फल तो बिक गया आंटी, कलम ले जाओ, तीन साल में फल." आंबा खरा होता, म्हणून रोपंही खरी असणार, हे आमचं आम्हीच ठरवून टाकलं. नूरजहाँची झाडं तिथंही बोटांवर मोजण्याइतकी. मग चौफुलीवर पन्नास कलमं आली कुठून, हा हिशेब तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. ८०० ला एक, चार घेतली. बाबांनी घासाघीस करून ३२०० चे २२०० केले आणि धारपर्यंत त्याच खुशीत होते. पावती मागितली नाही. रोपाच्या खोडाला गुंडाळलेल्या पट्टीला हात लावला तर तो ओरडला, "मत छूना, कलम मर जाएगी."

इंदूरला रामबागेत घरी आलो, तर शेजारच्या काकांनी तीच पट्टी आधी सोडली. आयुष्य रोपवाटिकेत गेलेला माणूस. खऱ्या कलमाला तिथं सांधा दिसतो: खाली कोयीपासून वाढवलेला खुंट, वर दुसऱ्या झाडाची काडी, मधे जुळल्याची खूण. आमच्या रोपांना खालपासून वरपर्यंत एकच साल, पट्टीखाली ब्लेडची नुसती चीर. चारही तशीच. कोयीचं रोप मूळ झाडासारखं निघेलच असं नाही, आणि फळाला बरीच वर्षं लागतात. "ताज्या कलमाला हात लावू नये हे खरंय," काका म्हणाले, "पण विकायला काढलेल्या कलमाचा सांधा जुळलेला हवा. जुळला नसेल तर घ्यायचं कशाला?"

पैसे मोबाइलवरून दिले होते. आता बघितलं तर खात्यावर नाव भलत्याच कुणाचं. फोन लागतो, उचलत नाही कुणी.

दोन रोपं वाळली. उरलेल्या दोघांना आई रोज गच्चीवर जाऊन पाणी घालते. "आंबा तर आहे ना," म्हणते.