भिंतीला काय मानवेल: चुना, डिस्टेंपर, इमल्शन की वॉलपेपर?

शेड कार्ड हातात घ्यायच्या आधी एक काम करा. तळहात ओला करून भिंतीवर दोनदा जोरात घासा. हाताला पांढरी पूड लागली, तर भिंतीवर जुना चुना नाहीतर डिस्टेंपर, म्हणजे खडूच्या पुडीचा स्वस्त रंग आहे. हात स्वच्छ राहिला, तर बहुतेक इमल्शन, म्हणजे ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतात तो. हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवू नये. सुटत्या पुडीवर कितीही महागाचा इमल्शन मारला, तरी तो धरतो त्या पुडीलाच, आणि पूड सुटली की पापुद्र्यासारखा तिच्याबरोबर येतो.

आमच्याकडे दोन घरं आहेत. आईचं रत्नागिरी जिल्ह्यातलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर आणि आमचा ठाण्यातला फ्लॅट. दोन्ही एकाच वर्षी रंगवायला काढली आणि दोन्हीकडे तोच धुता येणारा इमल्शन लावायचा हट्ट मी धरला. गावच्या माजघराला पुट्टी झाली, प्रायमर झाला, वर रंगाचे दोन हात. दिवाळीला भिंत बघत राहावी अशी दिसत होती. पुढच्या श्रावणात मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लिंबाएवढे फुगे आले. एक फुगा अंगठ्याने दाबला, तर आतून थेंबभर पाणी आणि मिठासारखी पूड बाहेर आली.

जांभा पाणी पितो. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, म्हणून जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. ती भिंतीच्या अंगातून हवेत सुटून जायला हवी. इमल्शन म्हणजे प्लास्टिकचा पातळ पडदाच. ओल त्याच्या मागे अडते, तिच्याबरोबर आलेले क्षार तिथेच साचतात आणि रंगाला आतून ढकलतात. चुन्याला असा पडदा नसतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगडासारखा कडक होतो, पण वाफेला वाट ठेवतो. म्हणून चिऱ्याच्या, मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या घराला माझं उत्तर चुना हेच आहे.

आम्ही तो रंग खरवडून काढला, एक उन्हाळा भिंत उघडी ठेवली आणि चुना दिला. कळीचा चुना पाण्यात टाकला की पिंप खदखदायला लागतं. हे विरवणं पोरांपासून लांबच करावं आणि कुंचला मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. विरलेला चुना कापडातून गाळायचा, त्यात भिजवलेला डिंक आणि पांढरेपणासाठी जराशी नीळ. भिंत आधी पाण्याने ओली करायची आणि पातळ पातळ तीन हात द्यायचे. पहिला हात देऊन झाला तेव्हा भिंत करडी आणि डागाळलेली दिसत होती, आईचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भिंत पांढरीशुभ्र. चुना ओला असताना पारदर्शक असतो, वाळला की अंग धरतो. रंग हवा असेल तर पिवडी (पिवळी माती) किंवा गेरू मिसळता येतो. मातीचे रंग चुन्यात टिकतात, बाकीचे बरेच उडून जातात.

चुन्याचे तोटेही खरे आहेत. टेकून बसलं की पाठीला लागतो, तेलाचा हात लागला की डाग जात नाही, आणि दर एक-दोन वर्षांनी नवा हात द्यावा लागतो. शिवाय चुना ओल बरी करत नाही, फक्त तिला अडवत नाही. पागोळ्या जोत्यालगत पडत असतील तर पन्हळ लावून पाणी लांब न्या. मगच रंगाचं बोला.

फ्लॅटचा हिशोब वेगळा. सिमेंटचा किंवा जिप्समचा गिलावा, त्यावर पुट्टी. इथे चुना धरतच नाही, तेव्हा निवड उरते डिस्टेंपर आणि इमल्शनमध्ये.

डिस्टेंपर स्वस्त, आणि तेवढ्यासाठीच बहुतेक जण घेतात. पण रंगकामात मजुरीचा वाटा मोठा असतो. खरवडणं, पुट्टी, सँडपेपर मारणं, कपाटं सरकवणं, चार दिवस घरात धूळ, हे दोन्हींना सारखंच. डिस्टेंपर साधारण तीन वर्षांत पांढुरका पडतो, ओल्या फडक्याने पुसला तर रंगच फडक्यावर येतो. चांगला इमल्शन पाच ते सात वर्षं निघतो. दोनदा मजुरी मोजण्यापेक्षा एकदाच इमल्शन परवडतो. घर भाड्याने द्यायचं असेल, किंवा दोन वर्षांत भिंती फोडून नूतनीकरण करायचंच असेल, तर मात्र डिस्टेंपर घ्या. छतालाही तो चालतो, तिथे कुणाचा हात लागत नाही.

इमल्शनमध्ये चकाकी किती, हे किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचं. चकाकीवाला चांगला पुसला जातो, पण भिंतीचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. मॅट ते झाकतो. पुट्टी झाल्यावर, रंगाच्या आधी, रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरा. सगळे खड्डे सावल्यांनिशी उभे राहतात. तिथे पेन्सिलने गोल करा आणि पेंटरना सकाळी दाखवा. आमच्या हॉलमध्ये मी असे सोळा गोल केले होते. पेंटरकाका आधी गप्प झाले, मग एकेक खड्डा नीट भरून दिला.

रंग किती लागेल ते टेपने मोजा. दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट: चारी भिंती मिळून 418 चौरस फूट. दार-खिडकीचे 50 वजा केले की 368. एका लिटरमध्ये दोन हातांनी साधारण 120 ते 140 चौरस फूट होतात, म्हणजे तीन लिटरच्या आसपास. छत वेगळं.

आता सजावटीची भिंत. टेक्स्चर, म्हणजे खाचा-उंचवटे काढलेला जाड रंग, दुकानातल्या नमुन्यावर फार देखणं दिसतं. पण त्या खाचांत धूळ बसते, आणि रस्त्यालगतच्या घरात ती रोज बसते. कंटाळा आला की वरून नुसता रंग मारून चालत नाही, सगळं खरवडून पुन्हा पुट्टी करावी लागते. मी तरी घेणार नाही.

वॉलपेपर एका दिवसात लागतो, लावताना घरात घाण होत नाही, नक्षी हवी तशी मिळते. आपल्याकडच्या नेहमीच्या रोलची रुंदी 21 इंच, लांबी 33 फूट. साडेनऊ फुटांच्या तीन पट्ट्या निघतात आणि दहा फुटी भिंतीला सहा लागतात, म्हणजे दोन रोल. नक्षी मोठी असेल तर जुळवणीत कागद वाया जातो, तेव्हा तीन घ्या. पुण्या-नागपूरकडच्या कोरड्या, आतल्या भिंतीला हा चांगला. मुंबई-कोकणात बाहेरच्या बाजूची भिंत किंवा बाथरूमच्या पाठीची भिंत असेल तर लावू नका. पावसाळ्यात सांधे उकलतात आणि मागे बुरशी वाढते, ती वास आल्यावरच कळते.

याहून मला आवडणारा पर्याय म्हणजे वारली चित्र. मुळात ते सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. फ्लॅटमध्ये गेरूच्या छटेचा मॅट इमल्शन आणि वर पांढरा अॅक्रिलिक रंग, म्हणजे पुसताही येतं. तयार स्टेन्सिल आणू नका. डहाणू, जव्हार, तलासरीकडचे कलाकार घरी येऊन काढून देतात. स्टेन्सिलमध्ये सगळी माणसं एकसारखी येतात, हाताने काढलेल्या तारपा नाचाच्या वेटोळ्यात प्रत्येकाची कंबर वेगळी वाकते.

दारं-खिडक्यांना बहुधा ऑइल पेंट लावतात, पण जुन्या दारांपाशी जपा. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या थरांत शिसं किती असेल ते डोळ्यांना दिसत नाही. असं दार कोरडं घासू नका, पाणी मारून वॉटर पेपरने (ओला वापरायच्या सँडपेपरने) घासायला सांगा. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा, आणि खालची धूळ झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्या.

काम संपलं की उरलेला रंग बाटलीत भरून घट्ट झाकण लावा, बाटलीवर शेडचा नंबर आणि खोलीचं नाव लिहा. आमच्या हॉलची बाटली माळ्यावर आहे. गावी आईने यंदा माजघराला पिवडी घालायचं ठरवलंय.