कोजागरी ते वळीव: अंगणातल्या माळा आणि फोकस, सात महिन्यांनंतर

मंडपवाल्याला दर कार्यक्रमाला लाइटचं भाडं देऊन कंटाळलो, म्हणून कोजागरीच्या आधी १५ मीटरच्या २ माळा आणि ५० वॅटचे २ एलईडी फोकस घेतले. भाड्यानं यायचे ते हॅलोजन एकेक ५०० वॅटचे, त्यामुळं बिलात फरक पडला. तिथवर समाधान आहे.

परवा पुतणीचा साखरपुडा. संध्याकाळी सातला वळीव आला, दहाच मिनिटं. आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, पडला आणि सगळं अंगण अंधारात. चढवला की पुन्हा पडायचा. वायरमननं एकेक माळ सोडवून बघितली तेव्हा सापडलं: दोन माळांच्या जोडात पाणी. बल्ब कोरडे, होल्डर कोरडे. खोक्यावर आयपी ६५ छापलंय, म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. पण जोडाला रबराची चकतीसुद्धा नाही! दुकानात गेलो तर म्हणे, "पाण्यानं गेलं, वॉरंटीत बसत नाही." अहो, मग बाहेरची माळ म्हणून विकता कशाला? अर्धा तास भांडलो, हाती काही लागलं नाही. आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा, म्हणजे एवढ्याशा गळतीलाही पडणारा होता म्हणून निभावलं. ओल्या फरशीवर पोरं अनवाणी पळत होती, ते आठवलं की अजून राग येतो.

फोकस ६५०० केल्व्हिनचे, पांढरेफेक. सुरुवातीला वाटायचं, एवढा उजेड असताना माळा उगीच घेतल्या. ते मत थोरल्या भावाच्या वाढदिवसाला बदललं. तांबडा रस्सा त्या उजेडात चक्क तपकिरी दिसत होता. वहिनींनी विचारलं, "भावजी, रस्सा करपलाय काय?" स्वस्तातल्या एलईडीत लाल रंग नीट उठत नाही, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९० चा दिवा बघून घ्यायला हवा होता, या खोक्यावर तो आकडाच नव्हता. शिवाय पांढऱ्या उजेडाला किडे जास्त, थेट ताटात. आता फोकस गाड्या लावायच्या जागेकडं वळवलेत आणि पंगतीवर फक्त माळा, २७०० केल्व्हिनच्या, पिवळसर उजेडाच्या. माणसांचे चेहरे छान दिसतात, जेवणही जेवणासारखं दिसतं.

वायरमननं जुने जोड कापून रबरी ग्लँडच्या (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाच्या) डबीत घेतले. डबी कमरेच्या वर बांधली आणि वायरला तिच्याआधी खाली झोळ सोडला, म्हणजे पाणी डबीकडं न जाता तिथंच ठिबकतं. शुक्रवारी पुन्हा पाऊस आला. माळा मुद्दाम चालू ठेवून सोप्यात बसून राहिलो. तासभर कोसळला, आरसीसीबी पडला नाही.