खाडीकाठ: काँक्रीटची भिंत की तिवरांतून (खारफुटीतून) लाकडी वाट?

ठाण्यातल्या मावशी विचारत होत्या, "फिरायला काठ हवा, मासेही राहायला हवेत. मागायचं काय?"

सुरक्षितता: भिंतीवरून पडलेल्याला वर यायला धरायला काही नसतं. तिवरांकडे पाणी उथळ, पण चिखलात पाय रुततो. म्हणून वाट उंच आणि कठड्याची हवी.

मासे: इथे तुलनाच नाही. तिवरांच्या मुळांत बोय, कोळंबी, चिंबोऱ्यांची पिल्लं वाढतात. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, तिथेच बिळं करतात. भिंतीवर लाट आपटते आणि पायथ्याचा गाळ खरवडून नेते. २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, आलेली ठाण्याची खाडी आहे ही, जपायलाच हवी!

देखभाल: दमट हवेत लाकूड कुजतं, दरवर्षी तपासा.

होड्या लावायच्या असतील, विसर्जन असेल, तर तेवढ्यापुरता पायऱ्यांचा पक्का घाट. फिरणं, पक्षी, मासे यांसाठी तिवरंच.