राजारामपुरीतले मूत्ररोगतज्ज्ञ: चार स्टार, पाचवा काउंटरवर कापला

डॉक्टरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोण कुठल्या दवाखान्याची पायरी चढला हे आमच्या कोल्हापुरात संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर पोचतं.

आधी कापलेला स्टार. वेटिंग माणसांनी भरलेलं आणि काउंटरवरची मुलगी खणखणीत आवाजात विचारते, "काका, त्रास काय होतोय?" माझ्या पुढचे गृहस्थ म्हणाले, "मुतखडा." मीही मुतखडाच सांगितला. त्या दिवशी तिथं निम्म्या लोकांना मुतखडा होता असं माझं मत आहे. बाई, एक कागद द्या, लिहून देतो की.

खरी तक्रार अशी: वय ५२, शुगर आहे, उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. पहाटे जाग येताना जी ताठरता असायची ती हळूहळू येईनाशी झाली. जागेपणीही गडबड सुरू झालेली. एका ओळखीच्यानं शिलाजितची डबी आणून दिली, ती तशीच कपाटात आहे.

डॉक्टरांनी केसपेपरवरचा मुतखडा वाचला, गालात हसले आणि खोडला. पहिला प्रश्न विचारला तो झोपेचा. मग जे सांगितलं त्यासाठी हे लिहितोय. धडधाकट पुरुषाला झोपेत असं रात्रीतून ३ ते ५ वेळा होतं, दर वेळी साधारण २५-३० मिनिटं. स्वप्न कसलं पडतंय याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. बायकांच्या शरीरातही झोपेत तसाच रक्तपुरवठा वाढतो. तालमीत वस्ताद याला मनाचा दोष म्हणायचे, आणि आम्ही दूध-बदाम खाऊन लंगोट आवळत बसायचो!

हे होतं ते मुख्यतः बंद पापण्यांआड बुबुळं झपाझप हलतात त्या झोपेत. जागेपणी मेंदूच्या खोडातल्या काही पेशी नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन सोडून तिथल्या रक्तवाहिन्या आवळून धरायला मदत करतात. या झोपेत त्या पेशी गप्प होतात. ब्रेक सुटला की नायट्रिक ऑक्साइड या शरीरातच तयार होणाऱ्या वायूमुळं आतले स्नायू सैल पडतात आणि रक्त भरतं. ही झोप पहाटेकडं लांबत जाते आणि आपल्याला जाग त्यातूनच येते, म्हणून ते सकाळी दिसतं. मी इतकी वर्षं लघवी तुंबल्यामुळं होतं असंच धरून चाललो होतो. डॉक्टरांना इतिहासाची हौस दांडगी. जर्मन संशोधकांनी हे १९४४ मध्ये ठराविक अंतरानं होताना नोंदवलं, ही झोप मात्र शिकागोत १९५३ मध्ये ओळखली गेली, हेसुद्धा ऐकवलं. बाहेर मुतखडेवाले ताटकळत होते.

कामाचा मुद्दा पुढं आहे. झोपेत ताठरता नीट येत असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुतेक शाबूत, मग जागेपणीच्या अडचणीचं कारण मनात शोधायचं. झोपेतही नसेल तर शुगर, रक्तवाहिन्या, हार्मोन, चालू गोळ्या आणि खुद्द झोप तपासायची. पूर्वी पोस्टाच्या तिकिटांची पट्टी गुंडाळून झोपायला सांगायचे, सकाळी तिकिटं फाटलेली दिसली की पास. आता दोन कड्यांचं यंत्र असतं. आम्ही शाफ्टचा व्यास दोन ठिकाणी घेतो तसं ते जाडी घेतं, वर कडकपणाही मोजतं.

मला ते लावलं नाही. बायको बरोबर होती, तिनं सांगितलं की मी घोरताना मध्येच श्वास थांबतो. म्हणून घरीच एका रात्रीची झोपेची तपासणी केली. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, निघाला. श्वास अडकला की झोप तुटते, ऑक्सिजन उतरतो, आणि पहाटेच्या त्या झोपेतच श्वास अडकणं जास्त होतं. शिवाय ईसीजी आणि कोलेस्टेरॉल करायला लावलं. तिथल्या रक्तवाहिन्या १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ च्या. खराबी बऱ्याचदा आधी बारीक नळीत दिसते. हे सांगायला डॉक्टरांनी वेळ काढला, त्याचेच चार स्टार.

आता रात्री ॲप्नियाचा मास्क लावून झोपतो, शुगरवर लक्ष आहे. पहाटेचं थोडं परत आलंय, रोज नाही. औषधांची चिठ्ठी छोटी होती हेही नोंदवतो.

फी ७००. पार्किंग नाही, गाडी टाकाळ्याच्या बाजूला लावून चालत या. संध्याकाळचा पहिला नंबर घ्या, तेव्हा वेटिंग रिकामं असतं आणि काउंटरवर खरं सांगता येतं.