चतुर की घार, शिकारी कोण भारी?
संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कठड्यावर बसलं की वर घारी फिरत असतात आणि खाली पाण्यालगत चतुर किडे (ड्रॅगनफ्लाय), पण बघणारे सगळे मान वर करून घारीकडंच बघतात. घार भारीच आहे, वादच नाही, पंख न हलवता गरम हवेवर तरंगत राहते, दुभंगलेली शेपटी जराशी तिरकी केली की वळली, आणि पायात उचललेलं उडता उडताच खाते. पण बऱ्याचदा ती मेलेलं, टाकलेलंच उचलते.

चतुराचं तसं नाही भावा, त्याला उडतं जिवंत सावज लागतं. चारही पंख वेगवेगळे हलवतो म्हणून हवेत एका जागी थांबतो, मागंपण जातो, आणि डास कुठं जाणार ते आधीच हेरून तिथं पोचतो न् काटेरी पायांच्या टोपलीत धरतो. प्रयोगांत 100 पैकी 90 च्या वर झडपा यशस्वी निघाल्यात! परवा एक लाल चतुर हातभर अंतरावर गवताच्या काडीवर बसलेला, डोकं म्हणजे जवळजवळ सगळं डोळाच, एकेका डोळ्यात हजारो भिंगं. आणि त्याची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात ते वेगळंच. माझं मत चतुरालाच.