स्थलांतराच्या दिवसांत पक्ष्याची खबर कुठे द्यावी: मेल, व्हॉट्सअ‍ॅप की ईबर्ड?

युरोपियन रोलर किंवा स्पॉटेड फ्लायकॅचर आपल्याकडे हिवाळा काढायला येत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात आफ्रिकेच्या वाटेवर टेकतात आणि पुढे जातात, त्यामुळे त्यांची खबर शिळी झाली की फुकट.

पक्षीनिरीक्षकांचा मेल-ग्रुप मजकुरासाठी आणि जुनं शोधण्यासाठी चांगला, पण वेळेवर पोचण्याची खात्री नाही. रोजचा डायजेस्ट (दिवसभराची सगळी पत्रं एकत्र) घेणाऱ्याला सकाळचा पक्षी रात्री कळतो. याहूने २०१४ पासून पाठवणाऱ्याचा पत्ता तपासण्याचे नियम कडक केल्यावर, याहूच्या पत्त्यावरून ग्रुपमार्फत गेलेली पत्रं काही सभासदांकडून परत येऊ लागली. ग्रुपचा पत्ता संपर्कांत घाला, स्पॅममध्ये न जाण्याचा फिल्टर लावा आणि फोटो जोडण्याऐवजी लिंक द्या. एवढ्याने बरंच सुधारतं, सगळं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या वेगाला तोड नाही, आणि तरीही माझं मन उडालं ते तिथल्याच एका गोष्टीवरून: फॉरवर्ड. मेसेज पुढे गेला की मूळ पाठवणारा गळतो आणि दिसते ती फॉरवर्ड केल्याची वेळ. फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्यातली तारीख-वेळेची माहितीही पुसली जाते. मग ‘टी. एस. चाणक्यला रोलर’ हा नेरूळच्या पाणथळीबद्दलचा शनिवारचा मेसेज सोमवारी ताजा होऊन तीन ग्रुपांत फिरतो आणि लोक पहाटे नेरूळला पोचतात. शिवाय ‘सध्याचं लोकेशन’ म्हणजे बघणारा उभा आहे ती जागा, पक्षी बसला आहे ती नव्हे. लांबलचक बांधावर हा फरक नडतो.

ईबर्ड म्हणजे पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या नोंदवण्याची साइट आणि अ‍ॅप. तिथल्या यादीला तारीख, वेळ आणि ठिकाण चिकटलेलंच असतं. अट एकच, सबमिट जागेवरूनच करायला हवं. रात्री घरी बसून यादी पाठवणाऱ्याच्या हाती ईबर्डही मेलइतकंच सुस्त. वेगळं काही दिसलं की चालू यादी तिथेच थांबवा, पाठवा, पुढे नवी सुरू करा. येऊरच्या जंगलात आत रेंज गेली तर ऑफलाइन भरून बाहेर आल्यावर पाठवता येते.

ईबर्डचे अलर्टही, म्हणजे वेगळा पक्षी दिसल्याच्या सूचना, मेलनेच येतात, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. पण त्याच सूचना साइटच्या अलर्ट पानावर उघडतात. ते पान फोनच्या होम स्क्रीनवर ठेवा. अलर्टसाठी जिल्हे नीट निवडा. ऐरोली आणि नेरूळ ठाण्यात, खारघर आणि उरण रायगडात, भांडुप पंपिंग स्टेशन मुंबई उपनगरात. एकाच जिल्ह्यावर विसंबलात तर खाडीची अर्धी बातमी हुकते.

घाईच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप लागेलच, नाही म्हणत नाही. पण तिथे नुसता फोटो टाकण्यापेक्षा यादीची लिंक टाकलेली बरी. ती कितीही वेळा फिरली तरी आतली तारीख बदलत नाही.

यादीतल्या शेऱ्यात कोणत्या गेटपासून किती अंतरावर, कोणत्या दिशेला, हे लिहा. किनारपक्ष्यांसाठी भरतीची वेळही हवीच. खाडीच्या गाळावर चरणारे तुतवार आणि चिखले भरतीला आतल्या पाणथळींवर येऊन बसतात, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ‘सकाळी ९ वाजता भरपूर तुतवार’ एवढंच वाचून आठवड्याने त्याच वेळी गेलात तर ओहोटी असेल आणि थवा लांब गाळावर.